शिकागोजवळच्या एका अंगणातले कोनफ्लॉवर: सव्वापाच वर्षांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण शिकागोच्या पश्चिमेला ड्युपेज काउंटीतल्या एका सबर्बमधलं. नावं देत नाही, ओळखीतलंच जोडपं आहे, दादा आणि वहिनीच म्हणतो. दोघंही आयटीत, घर नव्वदच्या दशकातल्या एका कॉलनीत, पुढे दक्षिणेला तोंड करून लॉन. त्या लॉनमधला साधारण १० बाय २२ फुटांचा तुकडा म्हणजे या गोष्टीची सगळी रणभूमी.

सुरुवात झाली २०२० च्या जुलैत. कोविडमुळे कुठे जाता येत नव्हतं म्हणून दोघं लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये, म्हणजे झाडांच्या मोठ्या बागेत, चालायला जायचे. तिथे शुलेनबर्ग प्रेअरी आहे, प्रेअरी म्हणजे इथलं उंच गवताचं माळरान, १९६२ पासून हाताने पेरत, तण काढत, जाळत पुन्हा उभी केलेली. कंबरेएवढं गवत, त्यात जांभळे आणि पिवळे कोनफ्लॉवर, माना खाली टाकलेल्या पाकळ्या आणि मध्ये तो काटेरी गोंडा. वहिनी म्हणाली, हे आपल्या दारात पाहिजे. बास, एवढंच.

थोडं संदर्भासाठी सांगतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिंकन असला तरी इलिनॉयचं टोपणनाव प्रेअरी स्टेट आहे. एके काळी राज्यात २ कोटी एकरांच्या वर प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डिअरने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर बनवला आणि ती चिकट काळी माती सुटायला लागली, पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सगळीकडे मका झाला. न नांगरलेली म्हणावी अशी प्रेअरी आता फार थोडी उरलीये, जुनी स्मशानं आणि रेल्वेलाइनच्या कडेच्या पट्ट्या वगैरे.

आणि हो, इकिनेशियाची सर्दीवरची गोळी मिळते तीच यातली जांभळी झाडं. दादाला प्रत्येक पार्टीत कोणीतरी हे विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

अडचण

२०२१ च्या मेमध्ये दादाने गार्डन सेंटरमधून १२ कुंड्या आणल्या. केशरी, लिंबू रंगाच्या, काही डबल पाकळ्यांच्या. लेबलवर "कोनफ्लॉवर" लिहिलंय म्हणजे प्रेअरीतलंच, असा समज. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल केला, त्यांना मी काकू म्हणतो. दादा म्हणाला झेंडूसारखं फूल आहे. काकूंनी सरळ सांगितलं, भरपूर शेणखत घाल, पाणी मोडू नको. मग आठ बॅगा कंपोस्ट, वर दर दोन आठवड्यांनी ब्लूमचं खत आणि रोज सकाळी स्प्रिंकलर.

झाडं अशी माजली की बघत राहावं. गुडघ्याएवढी यायची ती मांडीपर्यंत गेली, पानं हीऽ मोठी, फुलं मोजकीच, आणि जुलैत एक वादळ झालं तर सगळी आडवी. काठ्या लावल्या, सुतळीने बांधली, अंगण हॉस्पिटलच्या वॉर्डासारखं दिसायला लागलं. मग हिवाळा आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये १२ पैकी ३ उगवली, बाकीच्यांचे बुडखे बोटाने दाबले तर मऊ लागत होते.

कारणं बघायला गेलं तर तीन दिसतात. एक, जमीन. बिल्डरने वरची काळी माती खरवडून नेलेली, सहा इंचांखाली राखाडी चिकणमाती, म्हणजे कंपोस्टने भरलेला तो खड्डा पाणी धरून बसणाऱ्या टबसारखा झाला आणि हिवाळ्यात गोठ-वितळ चालू राहिली. दोन, खत. नायट्रोजन जास्त झाला की हे झाड उंच, मऊ होतं आणि पडतं. तीन, वाण. केशरी-पिवळे रंग हे बहुतेक ओझार्क डोंगरातल्या पिवळ्या कोनफ्लॉवरशी संकर करून आणलेले असतात, ते दिसतात झकास पण त्यातले बरेच दोन-तीन हिवाळ्यांत संपतात, ओल्या चिकणमातीत तर अजून लवकर. डबल पाकळ्यांच्या फुलात मधमाशीला आत शिरायला धड जागाच नसते, हे वहिनीच्या आधी लक्षात आलं होतं, ती म्हणाली या फुलांवर कोणी बसतच नाही.

एक खूण सांगून ठेवतो. लेबलवर शास्त्रीय नावापुढे एकेरी अवतरणचिन्हात अजून एक फॅन्सी नाव असेल तर ती माणसाने निवडलेली किंवा बनवलेली जात. वाईटच असते असं नाही, पण प्रेअरीतलं मूळ झाड ते नाही.

पर्याय

त्या एप्रिलमध्ये दोघांत बराच खल झाला. मी पण तिथे होतो, चहा प्यायला.

पुन्हा हायब्रिड आणणं, म्हणजे दर दोन वर्षांनी तोच खर्च. मूळ जातीच्या मोठ्या कुंड्या आणणं, म्हणजे २२० स्क्वेअर फूट भरायला परवडत नाही. ट्रेमधली छोटी रोपं, ज्यांना इथे प्लग म्हणतात, ती मध्यम मार्ग. आणि सगळ्यात स्वस्त बी, पण त्याला वेळ लागतो आणि तण कुठलं रोप कुठलं ते ओळखावं लागतं.

दादाला बी पाहिजे होतं, कारण एका औंसात जांभळ्या, म्हणजे पर्पल कोनफ्लॉवरच्या साडेसहा हजारांच्या आसपास बिया येतात हे त्याने कुठेतरी वाचलं आणि त्याच्यातला हिशेबनीस जागा झाला. वहिनीचं म्हणणं वेगळं होतं आणि मला तेच पटलं. ती म्हणाली, आधी कुठल्या जाती लावायच्या ते ठरवा मग कसं ते ठरेल. पर्पल कोनफ्लॉवरची मुळं तंतुमय, ते लावताना हलवलं तरी चालतं आणि दुसऱ्या वर्षी फुलतं, त्याचे प्लग घ्या. पेल पर्पल, म्हणजे फिकट बारीक लोंबत्या पाकळ्यांचं, ते खरं उघड्या प्रेअरीतलं, पण त्याला खोल सोटमूळ असतं, एकदा बसलं की हलवायचं नाही, म्हणून त्याचं बी जागेवरच. आणि पिवळं ग्रे-हेडेड कोनफ्लॉवर, जे खरं तर वेगळ्या प्रजातीचं (जीनसचं) आहे, ते बियांपासून भसाभस येतं.

लॉन मारायचे तीन रस्ते होते, तणनाशक, गवताचा थर सोलून काढणारं भाड्याचं यंत्र (सॉड कटर) किंवा वर पुठ्ठे अंथरणं. घरात लहान मूल, म्हणून पुठ्ठे. त्याची किंमत वेळ, अख्खा एक सीझन.

काय केलं

२०२२ च्या जूनमध्ये लॉनवर अ‍ॅमेझॉनचे पुठ्ठे (टेप काढून, हे महत्त्वाचं) आणि वर चार इंच लाकडाचा भुगा. सप्टेंबरात काकू सहा महिन्यांसाठी आल्या. ऑक्टोबरात खालचं गवत मेलेलं होतं आणि दादा पुन्हा कंपोस्टच्या बॅगा आणायला निघाला, सवयीने. काकूंनी मधल्या काळात फोनवर प्रेअरीचे फोटो बघितलेले. त्या म्हणाल्या, अरे हे तर रानातलं आहे, कासला कोण शेणखत टाकायला जातं? दादा म्हणाला तूच तर सांगितलंस मागच्या वेळी. तर म्हणाल्या, तेव्हा तू झेंडू म्हणाला होतास.

तुलना अगदी तंतोतंत नाही हे कबूल. कासला जांभ्या खडकावर वीतभर सुद्धा माती नसते आणि प्रेअरीची मूळ माती काळी, सुपीक, कित्येक फूट खोल. पण प्रेअरीत कोनफ्लॉवर एकटं नसतं, चारी बाजूंनी गवत त्याच्याशी भांडत असतं, जास्तीचं अन्न ते गवत खातं आणि काड्यांना आधार पण तेच देतं. दादाच्या अंगणात खत होतं, भांडायला कोणी नव्हतं. म्हणून या वेळी कंपोस्ट शून्य आणि मध्ये लिटल ब्लूस्टेम गवताचे प्लग, दोन-तीन फुटांचं, गुठळीत वाढणारं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, काठ्या-सुतळी त्यानंतर परत बाहेर आली नाही.

बियांना थंडी लागते. ओल्या वाळूत मिसळून फ्रीजमध्ये ठेवायच्या, पर्पलला महिनाभर पुरतो, पेल पर्पलला दोन ते तीन महिने. दादाने डिसेंबरात झिपलॉकच्या पिशव्या भरल्या, वर काही लिहिलं नाही, आणि मेथीच्या मागे ठेवल्या. जानेवारीत काकूंनी फ्रीज साफ केला. ओली वाळू, त्यात काहीतरी काळपट, पिशवीला आतून घाम. पेल पर्पलची पिशवी कचऱ्यात. यात काकूंचा काय दोष, मी पण टाकली असती. उरलेलं बी वहिनीने फेब्रुवारीत दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये माती घालून डेकवर बर्फात ठेवलं, भोकं पाडून, झाकण काढून. फ्रीजपेक्षा हेच सोपं निघालं, निसर्ग आपोआप थंडी देतो आणि मेथी पण सुखरूप. थंडीचे जेमतेम दोन महिने मिळाले पण वीसेक रोपं आली, ती सोटमूळ लांब व्हायच्या आत, दोन-तीन पानांवर असताना जागेवर लावली. पिवळ्याचं बी मात्र नोव्हेंबरातच एका कोपऱ्यात भुगा बाजूला करून, उघड्या मातीवर फेकलेलं आणि पायाने दाबलेलं. भुग्यावर बी टाकून उपयोग नाही, मातीला टेकलं पाहिजे.

२०२३ च्या मेमध्ये ३८ पर्पलचे प्लग लागले. आणि इथे दुसरी मोठी चूक, पहिलीच्या बरोब्बर उलटी. दादाच्या डोक्यात आता पक्कं बसलं होतं की नेटिव्ह झाड आहे, लाड करायचे नाहीत, पाणी नाही. त्या वर्षी मे-जूनमध्ये उत्तर इलिनॉयमध्ये पाऊसच नव्हता, लॉनं पिवळी पडलेली. तीन इंचाचं प्लग, मूळ अजून कुंडीच्या आकाराचं, ते कुठून पाणी आणणार. वहिनी सांगत होती, हा ऐकेना, नंतर त्याला वाईट वाटलं. ११ प्लग वाळले. जूनच्या मध्यापासून आठवड्याला एकदा खोल पाणी सुरू केलं तेव्हा बाकीची २७ वाचली. सशांनी त्यातली निम्मी कुरतडली होती, पण जाळी लावल्यावर ती फुटून आली.

आणि एक लपवायची गोष्ट, पण प्रकरण लिहायचं तर पूर्ण लिहू. पेल पर्पलची कोवळी पानं अरुंद, लांब, लवदार असतात. दादाने खुरपणी करताना गवत समजून त्यातली निम्मी उपटली. तेव्हापासून प्रत्येक रोपाशेजारी आइसक्रीमची काडी खोचलेली असते.

हिरवे तुरे

२०२४ च्या जूनमध्ये सतरा वर्षांनी सिकाडा नावाचे किडे जमिनीतून निघाले, अंगणात बोलता येत नव्हतं इतका आवाज, कोनफ्लॉवरना त्यांनी हातही लावला नाही. जुलैत पर्पल फुलली, २७ च्या २७. आणि दोन आठवड्यांत वहिनीला काही फुलांच्या गोंड्यावर विचित्र प्रकार दिसला, काट्यांच्या मधून हिरवट-गुलाबी तुरे, जणू फुलातून अजून छोटी फुलं निघतायत, पाकळ्या आखूड. मोजली तर ९ झाडांवर.

इथे खरा निर्णयाचा क्षण होता म्हणून जरा सावकाश सांगतो.

असं दिसलं की पहिलं नाव निघतं ते अ‍ॅस्टर यलोज. हा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या बॅक्टेरियासारख्या जंतूमुळे होतो, तुडतुडे पसरवतात, झाडाच्या अन्नरसात बसतो आणि त्याला औषध नाही. बुडख्यात हिवाळा काढून पुढच्या वर्षी परत येतो, शेजारच्या झाडांना जायचा धोका, म्हणून अख्खं झाड उपटून टाकायचं. पण अगदी तसाच दिसणारा दुसरा प्रकार आहे, डोळ्यांना न दिसणारा एक कोळी (माइट, जाळं विणणारा नव्हे), तो फुलाच्या आत राहतो आणि त्याच्यामुळे पण गोंड्यावर तुरे येतात. त्याच्यावर इलाज म्हणजे फक्त ती फुलं छाटून बंद पिशवीत घालून कचऱ्यात, झाडाला काही होत नाही.

फरक कसा ओळखायचा? अ‍ॅस्टर यलोजमध्ये गडबड सगळ्या झाडाला असते, पानं पिवळी, झाड खुजं, पाकळ्यासुद्धा हिरव्या आणि फुलं वेडीवाकडी. कोळ्यात झाड ठणठणीत हिरवं आणि गडबड फक्त गोंड्याच्या डोक्यावर. वहिनीने फोटो काढून युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शनच्या, म्हणजे तिच्या शेती-बागकाम सल्ला विभागाच्या, मास्टर गार्डनर हेल्पडेस्कला मेल केली. उत्तर यायला तीन-चार दिवस लागणार होते. दादाने नेटवर दोन व्हिडिओ बघितले, घाबरला, बाकीची १८ वाचवायची म्हणून शनिवारी सकाळी नऊच्या नऊ मुळासकट काढली. मंगळवारी मेल आली, झाडाची पानं कशी आहेत ते सांगा आणि पूर्ण झाडाचा फोटो पाठवा. पूर्ण झाड कचऱ्याच्या गाडीतून गेलेलं.

वहिनीच्या फोनमध्ये फक्त गोंड्यांचे क्लोजअप. त्यातल्या एकात मागे पानं दिसतात आणि ती हिरवीगार आहेत. त्या फोटोवरून घरात अजूनही वाद होतो.

त्या थंडीत अजून एक प्रश्न पडला. कोळी असेल तर सुकलेले गोंडे काढून टाकलेले बरे. पण तेच गोंडे गोल्डफिंच पक्ष्यांसाठी ठेवायचे असतात, ऑगस्टपासून ते येऊन उलटे लटकून बिया उपसतात आणि काकूंचा व्हिडिओ कॉलवरचा आवडता कार्यक्रम तोच. शेवटी निरोगी दिसणारे ठेवले, संशयित काढले.

२०२५ च्या जुलैत परत ४ झाडांवर तुरे. या वेळी हात बांधून ठेवले. फक्त फुलं छाटली, खालच्या फाट्यापर्यंत, पिशवीत बंद. ऑगस्टमध्ये त्याच झाडांच्या बाजूच्या कळ्या उमलल्या त्या स्वच्छ. अ‍ॅस्टर यलोज असता तर असं होणं अवघड होतं. म्हणजे २०२४ ची ती नऊ बहुतेक उगाच गेली. बहुतेक म्हणतोय कारण लॅब टेस्ट कोणी केली नाही.

सोसायटीचं पत्र

हे लवकर उरकतो. २०२५ च्या जूनमध्ये हाउसिंग असोसिएशनचं पत्र आलं, पुढच्या अंगणात गवत ठरलेल्या उंचीच्या वर आहे. दादा भांडायच्या मूडमध्ये, कारण ऑगस्ट २०२४ पासून इलिनॉयमध्ये कायदा आहे की मुद्दाम लावलेली आणि नीट राखलेली स्थानिक झाडं असोसिएशनला सरसकट बंद करता येत नाहीत. वहिनीने कायद्याचा उल्लेख एका ओळीत केला आणि बाकी पत्रात काय-काय करणार ते लिहिलं. कडेला दोन फूट लॉन कापून ठेवलं, दगडांची एक रांग लावली, नावाची छोटी पाटी, आणि पाच फुटांवर जाऊन फुटपाथवर वाकणारं पिवळं कोनफ्लॉवर मागच्या बाजूला हलवलं. परत पत्र नाही आलं. समोरच्या आजींनी मात्र बी मागितलं.

आता काय स्थिती

२०२५ च्या सीझनअखेर हिशेब असा. पर्पल १८ जुनी आणि पडलेल्या बियांतून आलेली दहा-बारा नवीन. पेल पर्पल ६ जिवंत, त्यातली २ पहिल्यांदाच जूनमध्ये फुलली, वहिनीने परागकण बोटावर घेऊन दाखवले, पांढरे असतात, पर्पलचे पिवळे. पिवळं कोनफ्लॉवर नको तितकं झालंय, दर मेमध्ये उपटून वाटावं लागतं. त्याचा सुकलेला गोंडा चुरगळला की बडीशेपेसारखा वास येतो, घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला दादा तो हातात देतो. २०२१ च्या तीन हायब्रिडपैकी एक अजून आहे, केशरी, त्याला कोणी हात लावत नाही.

पाणी आता देत नाहीत, खत कधीच नाही. जाळणं कॉलनीत शक्य नाही म्हणून मार्चमध्ये सगळं वीतभर ठेवून कापतात.

परत करायचं झालं तर

मी दोघांना वेगवेगळं विचारलं. दादा म्हणाला, पहिल्या वर्षी मातीत खड्डा खणून बादलीभर पाणी ओतून बघितलं असतं, किती तासांत मुरतं ते, आठ बॅगा कंपोस्टचे पैसे वाचले असते. आणि प्लगला पहिला उन्हाळा पाणी दिलं असतं, नेटिव्हपणा मुळं खाली गेल्यावर सुरू होतो, लावल्या दिवशी नाही.

वहिनी म्हणाली पेल पर्पल अजून दुप्पट पेरलं असतं, कारण ते तीन-चार वर्षं काहीच दाखवत नाही आणि तेवढ्यात निम्मं आपणच मारतो. लॉन मारायला पुठ्ठेच घेतले असते पण कडेचं क्रीपिंग चार्ली नावाचं तण आधी हाताने काढलं असतं, ते पुठ्ठ्याखालून सरपटत आलं आणि अजून निघतंय.

माझं विचाराल तर ती शनिवारची सकाळ. संशयित झाडावर जुनी उशीची खोळ बांधून मंगळवारपर्यंत थांबता आलं असतं, किंवा उपटलंच होतं तर एक झाड पानामुळासकट पिशवीत ठेवून युनिव्हर्सिटीच्या प्लांट क्लिनिकला पाठवता आलं असतं. वहिनीने आता गराजमध्ये त्यासाठी मोठ्या झिपलॉक पिशव्या आणून ठेवल्यात, या वेळी वर मार्करने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "टाकू नये".